भंगारातलं लोखंड भट्टीपर्यंत नीट पोहोचवायचं कसं?

गच्चीवरची गंजलेली टाकी, मोडका पलंग, सोसायटीच्या दुरुस्तीत निघालेल्या ग्रिल, शेतातला झिजलेला फाळ, वर्कशॉपमधले छाटलेले तुकडे. हे सगळं एकदा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं की आपल्यापुरता विषय संपतो. पुढे हा माल छोट्या दुकानातून मोठ्या यार्डात जातो, तिथे निवडला-कापला जातो आणि बराचसा जालन्यासारख्या ठिकाणच्या विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांत उतरतो. तिथे त्याचे बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब चौकोनी ठोकळे होतात, आणि बिलेटच्या सळ्या. जालन्याच्या भट्ट्या आपल्याकडच्या भंगारावर चालतातच, शिवाय न्हावा शेवा बंदरात उतरणारं परदेशी भंगारही विकत घेतात. आपल्या गल्लीतला माल नीट गोळा झाला, तर तेवढं बाहेरून कमी आणावं लागेल.

पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र भंगारासोबत भट्टीत गेलेलं तांबं किंवा कथील नंतर बाहेर काढता येत नाही. ते त्या पोलादात कायमचं राहतं, आणि पुढच्या वितळणीत पुन्हा पुढे जातं. त्यामुळे निवडण्याचं काम भट्टीच्या आधीच व्हावं लागतं, आणि ते सर्वांत स्वस्तात व सर्वांत चांगलं तुमच्या दारात होतं. कुठल्या वस्तूतून काय निघालं हे तुम्हालाच माहीत असतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

फायदा किती, त्याचा हिशेब

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये पोलाद भंगार पुनर्वापर धोरण जाहीर केलं. त्यातल्या आकड्यांनुसार १ टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. पाण्याचा वापर ४० टक्क्यांनी आणि हरितगृह वायूंचं उत्सर्जन ५८ टक्क्यांनी कमी होतं. समजा, एखाद्या सोसायटीने जुने पाइप, ग्रिल आणि टाकीचा स्टँड मिळून २ टन माल दिला. म्हणजे २.२ टन खनिज जमिनीतच राहिलं आणि सव्वा टनाहून अधिक कोळसा वाचला. हा कोकिंग कोळसा आपण बहुतांशी परदेशातून आणतो.

खनिज वाचणं म्हणजे काय, हे मराठी आणि कोकणी माणसाला दूरवरून समजावून सांगावं लागत नाही. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा डोंगर आज खाणीसाठी खोदला जातो आहे. गोव्यात डिचोली, सांगे या भागांतल्या शेतांत आणि ओढ्यांत खाणींचा लाल गाळ वर्षानुवर्षं उतरत राहिला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथलं खाणकाम थांबवलं, तेव्हा देशाचं लक्ष तिकडे गेलं. दर टन भंगारामागे वाचणारं खनिज अशाच कुठल्या तरी डोंगरातलं असतं.

कार्बनचा हिशेबही मांडू. झोतभट्टीत खनिजापासून १ टन पोलाद बनवताना जगाच्या सरासरीने २.३ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगारापासून विजेच्या भट्टीत बनवलं तर सुमारे ०.७ टन. आपल्याकडे इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण ६०० युनिट वीज लागते आणि देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे निव्वळ वितळवण्याचा भार ४२० किलोच्या आसपास. वीज कोळशाची असूनही फायदा मोठाच राहतो, आणि कारखान्याने सौर वा पवन वीज घेतली तर तो आणखी वाढतो.

पायरी १ : वितळवण्याआधी वापर शोधा

भट्टीत न जाता पुन्हा वापरात आलेलं लोखंड सर्वांत कमी प्रदूषण करतं, कारण त्यात वितळवणंच नाही. म्हणून ढीग लावायच्या आधी त्यातून चांगल्या वस्तू बाजूला काढा. सरळ अँगल, चॅनल, आय-बीम, शाबूत शटर, लोखंडी दरवाजे, जाड पाइप, नट-बोल्ट. जुनं सामान विकणाऱ्यांकडे यांना भंगाराच्या दरापेक्षा चांगला भाव मिळतो, आणि फॅब्रिकेशनवाले तर अशा मालाच्या शोधातच असतात.

एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळा. पाडलेल्या इमारतीच्या स्लॅबमधून निघालेल्या सळ्या सरळ करून दुसऱ्या घराच्या कॉलम-बीममध्ये वापरू नका. वाकवून पुन्हा सरळ केलेल्या, गंजून बारीक झालेल्या सळईत किती ताकद उरली आहे ते डोळ्यांनी कळत नाही. त्यांची जागा भट्टीतच.

पायरी २ : ओळखा आणि वेगळं करा

यासाठी एक चांगलं चुंबक पुरतं. जुन्या स्पीकरमधलं असलं तरी चालेल.

चुंबक घट्ट चिकटलं तर वस्तू साधं पोलाद किंवा बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे. अजिबात चिकटलं नाही तर ती ॲल्युमिनियम, पितळ, तांबं किंवा बऱ्याच प्रकारचं स्टेनलेस असू शकते. घरातली स्टीलची भांडी म्हणजे स्टेनलेस, आणि त्यात क्रोमियम व बहुधा निकेल असतं. ती साध्या लोखंडात टाकली तर तुमचा भाव बुडतो आणि महागडे धातू सळईत वाया जातात. काही स्टेनलेसला चुंबक चिकटतं, त्यामुळे वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही गंजलेलं नाही अशा वस्तूकडे पुन्हा एकदा पाहा.

बीड ओळखायला शिका. जुन्या शिलाई मशिनचे पाय, विजेच्या मोटरींच्या बॉडी, पंपांची आवरणं, जुनी वजनं, गटारांची झाकणं ही बहुतेक बिडाची असतात. बिडात कार्बन ३ ते ४ टक्के असतो, त्यामुळे हातोडा बसला की ते वाकत नाही, तुटतं, आणि तुटलेली बाजू करडी, दाणेदार दिसते. ग्राइंडर असेल तर ठिणग्या पाहा. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर उडतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. बीड वेगळं ठेवलं तर ते थेट ओतकामाच्या कारखान्यांना उपयोगी पडतं. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या बिडाच्या तुकड्यांबरोबर स्वच्छ पत्र्याचे तुकडेही घेतात, कारण त्यांच्या कामात मँगनीज कमी असलेला माल लागतो.

उरलेल्या लोखंडाचे जाडीनुसार दोन ढीग करा. ६ मिलिमीटर आणि त्याहून जाड माल वेगळा आणि त्याहून पातळ वेगळा. बाजारात जाड मालाला एचएमएस-१ (हेवी मेल्टिंग स्क्रॅप) म्हणतात आणि ३ मिलिमीटरपासूनच्या मालाला एचएमएस-२. पातळ पत्रा, त्यातही जस्ताचा थर असलेला पत्रा तिसऱ्या ढिगात. खाद्यतेलाचे आणि रंगाचे डबे चौथ्या ढिगात, कारण खाण्याच्या डब्यांच्या पत्र्यावर अनेकदा कथलाचा थर असतो.

आता तांब्याविषयी. एक टन पोलादात १ किलो तांबं गेलं की ते ०.१ टक्का झालं. मोटारीच्या बॉडीचा पत्रा बनवताना तांब्याचं प्रमाण साधारण एवढ्याच्याही खाली ठेवावं लागतं. तांबं जास्त झालं तर तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागावर ते साचतं आणि रोलिंग करताना भेगा पडतात. म्हणजे गाडीचा एक स्टार्टर किंवा पंपाची एक मोटर तशीच ढिगात सोडली, तर टनभर चांगल्या मालाची प्रत उतरते. मोटर, डायनामो, वायरिंग, कॉइल आधी काढा. तांबं वेगळं विकलं की पैसेही कितीतरी जास्त मिळतात. वायरचं आवरण मात्र सोलून काढा, जाळू नका. पीव्हीसी जाळल्यावर निघणारा धूर अतिशय विषारी असतो आणि त्यात डायॉक्सिन असतात. आपल्या शहरांच्या कडेला संध्याकाळी हा धूर सर्रास दिसतो, आणि तो पहिल्यांदा जाळणाऱ्या पोरांच्याच छातीत जातो.

पायरी ३ : हे भट्टीत जाऊच नये

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण इथे चूक झाली तर माणसं मरतात.

बंद भांडी. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, शॉक ॲब्सॉर्बर, गॅस सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, झाकण लावलेला ड्रम. वितळलेल्या पोलादाचं तापमान १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आत अडकलेल्या पाण्याची तिथे क्षणात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या हजारपटीहून अधिक फुगते. मग भट्टीतला रस बाहेर उसळतो. शेजारी उभ्या कामगाराला पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून पाइप दोन्ही बाजूंनी उघडा करा, ड्रमचं झाकण काढा. रसायनांचा किंवा तेलाचा ड्रम स्वतः गॅस कटरने कापायला घेऊ नका. आतल्या वाफा पेट घेतात. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. तो वितरकाकडे परत करा, भंगारात देऊ नका.

फ्रिज, एसी, वॉशिंग मशिन ई-कचऱ्यात मोडतात. ते नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला किंवा नवीन वस्तू घेताना कंपनीच्या जुनं-परत योजनेत द्या. अनेक जुन्या फ्रिजमध्ये असलेल्या आर-१३४ए वायूचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १४०० पटींनी जास्त आहे. कॉम्प्रेसरची नळी कापून तो हवेत सोडला, तर लोखंडाच्या पुनर्वापरातून जे वाचवलं त्यातलं बरंच तिथेच गेलं.

गाडीची बॅटरी बॅटरीच्या दुकानात परत द्या. शिसं जड असतं. ते भट्टीच्या तळाशी जाऊन अस्तरात झिरपतं. सिमेंटचे जुने पत्रे लोखंडी समजून ढिगात टाकू नका. त्यात ॲसबेस्टॉस असतं, ते फोडूही नका.

आणि पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचं किरणोत्साराचं चिन्ह असलेली कुठलीही वस्तू, विशेषतः रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा कारखान्यातलं जुनं जड यंत्र. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असंच घडलं. दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्ट-६० असलेलं वापरात नसलेलं उपकरण लिलावातून भंगारात आलं आणि फोडलं गेलं. एका कामगाराचा मृत्यू झाला, बरेच जण गंभीर आजारी पडले. असं चिन्ह दिसलं तर वस्तूला हात लावू नका, लोकांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. मुंबईच्या अणुशक्तिनगरमध्ये मुख्यालय असलेली अणुऊर्जा नियामक परिषद हा विषय पाहते.

पायरी ४ : माल स्वच्छ आणि कोरडा ठेवा

सळईला चिकटलेलं काँक्रीट हातोड्याने झाडा. माती, लाकूड, रबर, काच काढा. ही सगळी घाण भट्टीत मळी बनून वर येते आणि ती वितळवायलाही वीज लागतेच. व्यापारी तिच्यापोटी वजनात कापतो, ते वेगळंच.

गंजाचंही तसंच आहे. वरवरचा लालसर थर चालतो, पण खपल्या निघणारं लोखंड म्हणजे त्यातला काही भाग पुन्हा खनिजासारखाच झालेला असतो. त्यातून धातू कमी मिळतो आणि भट्टीचं सिलिकाचं अस्तर लवकर झिजतं. त्यामुळे पावसाळाभर उघड्यावर ढीग ठेवून भाव वाढायची वाट पाहू नका. मे महिन्यात द्या, किंवा ताडपत्री घाला आणि खाली विटा लावा.

लेथवर काम करणाऱ्यांसाठी खास सूचना. कातकामाचा कीस कूलंटने भिजलेला असतो. तो जाळीच्या तळाच्या ड्रममध्ये ठेवून तेल निथळू द्या. ते गाळून पुन्हा वापरताही येतं. बिडाचा आणि पोलादाचा कीस एकत्र करू नका. ओल्या, तेलकट किसाचा मोठा ढीग आतून आपोआप तापतो आणि पेटही घेऊ शकतो, म्हणून तो साठवत न बसता ठरावीक दिवशी उचलायला द्या.

मोठ्या वस्तू कापायच्या असतील तर साधारण दीड मीटरपेक्षा लहान तुकडे करा. हातमोजे, चष्मा, जाड बूट हवेतच. जस्ताचा पत्रा गॅसने कापताना निघणाऱ्या धुराने थंडी-ताप येतो. हे काम मोकळ्या हवेत करा, शक्य असेल तर गॅसऐवजी कात्रीने. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

पायरी ५ : वजनाचा अंदाज आधी काढा

काटा येण्याआधी आपल्याला साधारण वजन माहीत असलं की फसवणूक होत नाही. सळईसाठी सूत्र सोपं आहे. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोमध्ये मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, १६ची १.५८ किलो. पत्र्यासाठी १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर ७.८५ किलो धरा. अर्धा मिलिमीटर जाडीचा, १० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा साधारण पावणेतेरा किलो भरतो. नालीदार पत्रा असेल तर पन्हाळ्यांमुळे थोडा जास्त.

पायरी ६ : काटा, पावती, कागद

थोडा माल असेल तर दारात हुकचा इलेक्ट्रॉनिक काटा येतो. आधी शून्य दाखवतो का ते पाहा. मग पाण्याचा भरलेला २० लिटरचा जार टांगा: पाणी २० किलो आणि जारचं वजन वर. काट्यावर वैधमापन विभागाची चालू वर्षाची पडताळणी हवी.

टनभर माल असेल तर गाडी वजनकाट्यावर न्या. रिकाम्या गाडीचं वजन आधी, भरलेल्याचं नंतर, दोन्ही वेळा स्वतः हजर राहून पावत्या घ्या. दोन्ही वेळी ड्रायव्हर गाडीत असेल किंवा दोन्ही वेळी बाहेर असेल, एवढं ठरवून टाका.

भाव विचारताना वर्गवारीनुसार विचारा. ‘सगळ्याचा मिळून काय देणार?’ असं विचारलं की सर्वांत हलक्या मालाचा दर सगळ्याला लागतो. दर रोज बदलतात, म्हणून एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा. सोसायटीने लेखी दर मागवून बैठकीत नोंदवावेत. पुनर्विकास किंवा पाडकाम असेल तर निघणारं लोखंड कोणाचं, हे ठेकेदाराच्या करारातच लिहा. पुष्कळ सोसायट्या हे विसरतात आणि टनावारी सळ्या ट्रकमधून निघून जातात.

जीएसटी नोंदणी असलेल्या कारखान्याने भंगाराचं रीतसर बीजक करावं. धातूच्या भंगारासाठी १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले आहेत: नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने माल घेतला तर कर भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. तपशील आपल्या सीएला विचारा. दुकान चालवत असाल तर रेल्वेचं सामान, गटाराची झाकणं, विजेच्या खांबांचे भाग असलं काही विकत घेऊ नका. चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे, आणि उघड्या गटारात माणूस पडला तर त्याला तो व्यवहारही कारणीभूत असतो.

डबे, खिळे, झाकणं असा किरकोळ माल असेल तर तो आपल्या कचरावेचकाकडे वेगळा द्या. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था हे काम संघटितपणे करते आहे. शहरातलं किरकोळ लोखंड परत साखळीत येतं ते या बायकांमुळे. डबा धुऊन, कडा आत दाबून दिला तर त्यांचे हात कापत नाहीत.

पायरी ७ : जुनी गाडी

गाडीच्या वजनात निम्म्याहून जास्त लोखंड-पोलाद असतं, पण तिच्यात इंजिन ऑइल, बॅटरी, एसीचा वायू, टायर हेही असतं. म्हणून ती गल्लीतल्या दुकानात फोडायला देऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रं आहेत, तिथे द्या. आरसी, पॅन, बँक खात्याचा पुरावा लागतो. कर्ज फिटल्याची नोंद आणि चलनं आधी निकाली काढा. गाडी दिल्यावर केंद्र ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतं. नवीन गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमांत ही सवलत खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत आहे. राज्यात सध्या किती लागू आहे ते आरटीओत विचारा. आरटीओच्या नोंदीतून गाडी रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर तिच्या नंबरवर दुसरं कोणी फिरलं तर नोटीस तुमच्या घरी येईल.

भट्टीनंतर

इंडक्शन भट्टीत सिलिकाचं अस्तर असतं आणि त्यात फॉस्फरस काढता येत नाही. जे आत गेलं, ते सळईत आलं. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात एफई ५०० प्रतीच्या सळईला फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतं, एफई ५००डीला ०.०४० टक्क्यांपर्यंतच. भंगार स्वच्छ नसेल तर कारखानदार त्यात स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता बनवलेलं लोखंड) मिसळून प्रमाण पातळ करतो, आणि आपल्याकडचं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर बनतं. म्हणजे न निवडलेलं भंगार कार्बनचा फायदाही घटवतं.

भट्टी धूर आणि धूळ सोडते, हेही सांगायला हवं. हूड आणि बॅग फिल्टर नीट चालवले नाहीत तर त्याची किंमत आजूबाजूची वस्ती मोजते. पर्यावरणाचं नाव घेणाऱ्या कारखान्याने हे आधी पाळावं, असं माझं ठाम मत आहे. आणि देशाला लागणारं सगळं पोलाद भंगारातून मिळेल अशीही स्थिती नाही. इमारती, पूल पन्नास-साठ वर्षं उभे राहतात, त्यातलं लोखंड आज हाती येत नाही. म्हणून जे हाती आहे ते वाया घालवणं आपल्याला परवडत नाही.

घर बांधताना सळई घ्याल तेव्हा दुकानदाराकडे त्या लॉटचं चाचणी प्रमाणपत्र मागा आणि त्यात कार्बन, फॉस्फरस, गंधकाचे आकडे पाहा. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या हरित पोलाद वर्गीकरणानुसार टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला हरित म्हटलं जातं, आणि १.६ टनांपेक्षा कमी असेल तर पाच तारे मिळतात. तुमच्या सळईच्या कारखान्याला असं मानांकन मिळालं आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारा.